शिष्यांचा अभिप्राय : बोलोन्यापासून संगणकाच्या वर्गापर्यंत



ज्या माणसाने विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही, त्याने विद्यापीठांच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, हे आपल्यापैकी काहींना धारिष्ट्याचे वाटेल. आम्हालाही वाटते. दहावीनंतर आम्ही कारखान्यात लागलो. पुढे जे काही वाचन घडले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर. तथापि गेली तीस वर्षे आम्ही एक काम सातत्याने करीत आलो आहोत. लोकांचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायचे, ते चारचौघांत मांडता येईल अशा शब्दांत बसवायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. शिष्याने गुरूच्या शिकवण्याविषयी दिलेला अभिप्राय हाही याच जातीचा आहे. म्हणून त्याचा इतिहास आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

निमित्त घडले ते असे. आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी एके संध्याकाळी कचेरीत आली. ती संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या सत्रात तिला सॉफ्टवेअरची रचना, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम कसे आखावेत, हा विषय होता. सत्र संपताना महाविद्यालयाने अभिप्रायाचा फॉर्म भरायला सांगितला. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच यांपैकी एक आकडा, आणि शेवटी ‘काही सूचना असल्यास’ म्हणून एक रिकामी ओळ. मुलीने सगळीकडे चार टिचकावले आणि ओळ रिकामी सोडली. आम्ही कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “वाचतं कोण, काका? आणि वाचलंच कोणी, तर कुणी लिहिलंय ते कळेल की!” या दोन वाक्यांत परस्परविरोध आहे असे वकील म्हणेल, कारखान्यात वावरलेला माणूस म्हणणार नाही.

तिचे गाऱ्हाणे काय होते? सत्रभर त्यांनी वहीत रचनेच्या आकृत्या काढल्या. नियम असा की आकृत्या आधी, प्रोग्राम नंतर. प्रत्यक्षात वर्गातल्या सगळ्या गटांनी शेवटच्या चार रात्री जागून प्रोग्राम लिहिला, आणि मग त्याला शोभतील अशा आकृत्या मागाहून काढून जोडल्या. म्हणजे जी विद्या शिकवली ती कुणी वापरलीच नाही. मग चार का दिलेस? ती म्हणाली, “मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. आम्ही कमी दिले तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावणार नाहीत. शिकवतात त्या मनापासून.”

मुलीच्या या शेवटच्या वाक्याने आम्हाला रात्री झोप लागली नाही. खरे बोलावे तर एका बाईंच्या पोटावर पाय, न बोलावे तर पुढच्या वर्षीची मुलेही तशीच मागाहून आकृत्या काढणार. हा पेच आला कोठून?

याचे मूळ शोधण्यासाठी सुमारे आठशे वर्षे मागे, इटलीतील बोलोन्या नगरात जावे लागते. युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांत त्याची गणना होते. तेथे कायदा शिकायला आल्प्स पर्वताच्या पलीकडून तरुण येत. वयाने जाणते, पण त्या नगरात परके. नागरिकत्वाचे हक्क त्यांना नव्हते. घरभाडे चढे, पुस्तके महाग. म्हणून त्यांनी एकजूट केली. तिला लॅटिन भाषेत ‘युनिव्हर्सिटास’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ इमारत नव्हे, ग्रंथालय नव्हे. अर्थ आहे संघ. आज आपण ज्याला विद्यापीठ म्हणतो ते बोलोन्यात प्रथम विद्यार्थ्यांची युनियन म्हणून जन्माला आले, हे सांगताना आमचा ऊर थोडा भरून येतो, त्याबद्दल क्षमा असावी.

या संघाचे हत्यार एकच होते : गाव सोडून जाणे. विद्यार्थी गेले की घरमालकाचे भाडे गेले आणि गुरुजींची फीही गेली. १२२२ साली बोलोन्याहून निघून गेलेल्या मंडळींतूनच पादुआचे विद्यापीठ उभे राहिले. या बळावर त्यांनी आपल्या गुरुजनांवर घातलेले नियम चौदाव्या शतकातील संघाच्या नियमावलीत लिहिलेले आहेत. व्याख्यान उशिरा सुरू केले तर दंड. घंटा झाल्यावर लांबवले तरी दंड. एक दिवसाची रजा हवी तर विद्यार्थ्यांची परवानगी. गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम. कायद्याच्या ग्रंथाचे भाग पाडलेले असत, आणि अमुक भागापर्यंत अमुक तारखेस पोहोचले नाही तर आधीच ठेवून घेतलेल्या ठेवीतून पैसे कापले जात. नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत तर गुरुजी गैरहजर असे धरून दंड! वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी हा नियम मनावर घेऊ नये, एवढीच विनंती.

पण या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाणार नाही. गुरुजींवर नजर ठेवून चुगली करण्यासाठी संघाकडून काही विद्यार्थी गुप्तपणे नेमले जात. असे हेर कोणत्याही खात्यात नेमले तर दुसऱ्या दिवशी तेथे काम बंद पडेल, आणि पडावे. गुरुजनांनीही मग आपली वेगळी मंडळे केली आणि परीक्षा घेण्याचा व पदवी देण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवला. दोन संघ समोरासमोर उभे होते. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीपासून नगराने अध्यापकांना पगार द्यायला सुरुवात केली, आणि पगार देणाऱ्याच्या हाती हळूहळू सत्ता गेली. विद्यार्थ्यांचा शब्द क्षीण होत गेला. तरी बोलोन्याच्या विद्यार्थ्याजवळ दोन गोष्टी होत्या, त्या लक्षात ठेवाव्यात : तो एकटा बोलत नसे, आणि तो बोलला की काहीतरी घडे.

आता एकदम विसाव्या शतकात यावे लागेल, कारण आज आपण पाहतो त्या छापील फॉर्मचा जन्म तेव्हाचा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९२७ साली त्यांच्या पुढाकाराने अध्यापकांना गुण देण्याची एक मोजपट्टी तयार झाली. विषयाची आवड, मांडणी, गुण देताना निःपक्षपातीपणा, विनोदबुद्धी, इतकेच काय पण अध्यापकाचे दिसणे, अशा दहा बाबींवर विद्यार्थ्याने खूण करायची. हेतू वाईट नव्हता. शिक्षकाला स्वतःचे दोष कळावेत हाच होता. पण बोलोन्यापेक्षा एक फरक पडला. संघाच्या जागी एकेकटा विद्यार्थी आला, आणि वाक्याच्या जागी खूण आली.

पुढे १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांनी आपला शब्द परत मिळवण्याचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियात बर्कले येथील विद्यापीठात ‘स्लेट’ नावाचा विद्यार्थ्यांचा राजकीय पक्ष होता. विद्यापीठाच्या अधिकृत अभ्यासक्रम-सूचीला जोड म्हणून त्याने स्वतःची पुरवणी काढली. कोणता वर्ग कसा आहे हे तीत विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी सडेतोड लिहिले. अशा चळवळी अनेक ठिकाणी झाल्या. त्यानंतर विद्यापीठांच्या कारभाऱ्यांनी काय केले? त्यांनी विरोध केला नाही. ते काम आपल्याकडे घेतले. सत्राच्या अखेरीस फॉर्म वाटणे हा कचेरीचा रिवाज झाला, आणि बेरजेचा आकडा अध्यापकाच्या बढतीच्या कागदांत जाऊन बसला. मागणी मान्य करून ती बोथट करण्याची ही हातोटी कामगार चळवळीतल्या माणसाला नवी नाही.

हा आकडा किती विश्वासाचा, याची परीक्षाही झाली. १९७० साली अमेरिकेत एक नमुनेदार प्रयोग झाला. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉक्टर मायरन फॉक्स’ असे नाव देऊन सुशिक्षित मंडळींपुढे व्याख्यानाला उभे केले. श्रोत्यांत मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ होते. व्याख्यान मुद्दाम पोकळ आणि परस्परविसंगत रचलेले, पण बोलणे खुमासदार. श्रोत्यांनी फॉर्मवर उत्तम अभिप्राय दिला! १९७३ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे नॉर्थ कॅरोलायनात, चेहरा न दिसणाऱ्या संगणकावरच्या वर्गात, एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन शिक्षकांनी काही गटांपुरती नावांची अदलाबदल केली. २०१५ च्या त्या अभ्यासात आढळले की शिक्षक पुरुष आहे असे ज्यांना वाटले त्यांनी गुण अधिक दिले. गृहपाठ सारख्याच वेळात तपासून परत आले असतानाही तत्परतेचे गुण पुरुषाच्या नावाला जास्त पडले.

हा प्रश्न अखेर आमच्या परिचयाच्या ठिकाणी, म्हणजे लवादापुढे गेला. कॅनडातील टोरोंटो येथे रायर्सन विद्यापीठ होते. २०२२ साली त्याचे नाव बदलले. तेथील अध्यापक संघटनेने हा वाद वर्षानुवर्षे लढवला, आणि जून २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लान यांनी निवाडा दिला की विद्यार्थ्यांच्या गुणांकनाचे निकाल अध्यापकाची बढती वा कायम नेमणूक ठरवताना अध्यापनाची गुणवत्ता मोजण्यासाठी वापरू नयेत. निवाडा एवढ्यावरच थांबत नाही. विद्यार्थ्याला वर्गात काय अनुभव आला, हे सांगण्यास विद्यार्थ्याइतका योग्य साक्षीदार नाही, हेही त्यात मान्य केले आहे. अनुभवाची साक्ष घ्या, पण साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवून त्याच्या एका आकड्याने दुसऱ्याची भाकरी ठरवू नका, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

येथवर आपण अभिप्रायाचे बोललो. आता त्या मुलीच्या विषयाकडे वळू, कारण त्या विषयाच्या इतिहासातच तिच्या पेचाचे उत्तर आहे असे आम्हाला वाटते.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या डोंगरी गावी नाटो संघटनेच्या आश्रयाखाली एक परिषद भरली. अकरा देशांतील सुमारे पन्नास जाणकार जमले होते. यंत्रे वेगवान झाली, पण त्यांवर चालणारे मोठे प्रोग्राम वेळेत पुरे होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, चुका राहतात, अशी सर्वांची ओरड होती. पूल बांधणाऱ्याजवळ जसे शास्त्र असते तसे शास्त्र येथेही हवे, म्हणून ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द तेथून रूढ झाला आणि लवकरच विद्यापीठांत शिकवण्याचा विषय झाला.

पण शिकवायचे काय? कारखान्यातला दाखला देतो. पहिल्या पाळीने शाफ्ट घडवला आणि दुसरीने बेअरिंग, तरी दोन्ही एकमेकांत बसतात, कारण माप आधी ठरलेले असते. प्रोग्रामचेही तुकडे असे पाडता यावेत की एका तुकड्याच्या पोटात काय आहे हे दुसऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. १९७२ च्या सुमारास डेव्हिड पार्नास यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठात हेच वर्गात करवून घेतले. निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी केवळ ठरलेल्या मापावरून निरनिराळे तुकडे लिहिले, आणि मग ते अदलून बदलून जोडून पाहिले. तुकडे बसले की रचना चांगली; ते सांगायला वेगळा परीक्षक लागत नव्हता.

मात्र बहुतेक विद्यापीठांत असे घडले नाही. व्याख्यानात जाडजूड आराखड्यांची पद्धत शिकवायची आणि सत्राच्या छोट्या प्रकल्पात मुलांनी ती गुंडाळून ठेवायची, असे चालत राहिले. २०१२ साली बर्कलेचे दोन प्राध्यापक, आर्मांडो फॉक्स आणि डेव्हिड पॅटरसन, यांनी एका लेखात हे उघड मांडले. (नटाचे आणि प्राध्यापकांचे आडनाव एक, हा निव्वळ योगायोग.) विद्यार्थी शिकवलेले वापरत नाहीत यात त्यांनी विद्यार्थ्यांना दोष दिला नाही. शिकवलेली पद्धत मुलांच्या लहान कामाला उपयोगी पडत नव्हती, म्हणून मुलांचे वागणे शहाणपणाचेच होते असे त्यांनी मानले. हा अभिप्राय कोणत्याही फॉर्मवर नव्हता. तो मुलांच्या हातांत होता.

त्यांनी आणखी दोघांना विचारले. एक, ही मुले ज्या कंपन्यांत नोकरीस लागत त्या कंपन्यांना. त्यांचे मुख्य गाऱ्हाणे असे की, दुसऱ्याने लिहिलेला, नीट टिपण नसलेला जुना प्रोग्राम हाती घेऊन त्यात सुधारणा करणे या मुलांना येत नाही. दुसरे, जे विद्यार्थी शिकून नोकरीला लागले होते त्यांना. आम्हाला यातले मर्म असे दिसते की, रचना चांगली की वाईट हे ती बदलण्याची वेळ येते तेव्हा कळते. घर बांधून झाल्यावर नव्हे, मजला चढवताना पायाची परीक्षा होते. मग सत्राच्या शेवटच्या आठवड्यात भरलेला आकडा या विषयात काय सांगणार? प्राध्यापकांनी अभ्यासक्रम बदलला. प्रकल्प थोड्या थोड्या आठवड्यांच्या टप्प्यांत आला, आणि मुलांचे लहान गट सेवाभावी संस्थांसाठी खऱ्या गरजेचे काम करू लागले. शब्द ऐकला गेला, आणि काहीतरी घडले.

आता शेवटचा दाखला, आणि तो आमच्या घरचा आहे. नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगार्ड नावाचे थोर संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. ओले-योहान डाल यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा रचली. आजच्या सॉफ्टवेअर-रचनेचा एक मोठा प्रवाह तिच्यातून निघाला आणि दोघांना २००१ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. याच न्यूगार्डनी १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. नवे संगणक कारखान्यात येताना ते कसे आखले जातात, यावर कामगाराला बोलता आले पाहिजे, हा उद्देश. प्रथम त्यांच्या मनात अहवाल लिहिण्याचे होते. पुढे त्यांनी ठरवले की अहवाल म्हणजे निष्पत्ती नव्हे; त्यातून कामगारांनी आपल्या कारखान्यात जी कृती केली ती निष्पत्ती. १९७५ साली नॉर्वेत कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांनी संगणकाविषयी करार केला, आणि संगणकाच्या प्रश्नांसाठी कामगारांचे खास प्रतिनिधी नेमले जाऊ लागले.

येथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० सालीच सुरू झाला होता, आणि त्याच दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला. नोकऱ्यांची त्यांची चिंता खरी होती, त्या लढ्याला आम्ही कमी लेखत नाही. पण यंत्र यावे की न यावे यावर आपल्या चळवळीचे बळ खर्च झाले. ते आलेच तर कोणाला विचारून आखावे, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला.

आणि आपल्या विद्यापीठांचे काय? उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणारी राष्ट्रीय परिषद बेंगळुरू येथे १९९४ साली स्थापन झाली. तिच्या २०१७ च्या नव्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण आले. विद्यार्थ्याला विचारावे, हे तत्त्व मान्य झाले हा लाभच आहे. पण विचारणे म्हणजे ऐकणे नव्हे, आणि ऐकणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. मागणीपत्राची पोच मिळाली म्हणजे करार झाला, असे मानणारा कामगार आम्ही अजून पाहिलेला नाही.

त्या मुलीला आम्ही मागणीपत्र लिहून दिले नाही. तिला सांगितले, तुम्ही सगळे बसा आणि एक पान लिहा. माणसाविषयी एक अक्षर नको, कामाविषयी लिहा. अनामिक नको, सह्या करा, म्हणजे एकटे कुणी सापडणार नाही. आणि ते कचेरीत देऊ नका, बाईंच्या हातात द्या. त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या. प्रकल्प दुसऱ्या महिन्यातच सुरू व्हावा. मागल्या वर्षीच्या एखाद्या गटाचा प्रोग्राम देऊन त्यात बदल करायला लावावे. आणि लेखी परीक्षेतला आकृत्यांचा भाग कमी करावा.

आठवड्याने बाई पान घेऊन वर्गात आल्या आणि पहिली दोन कलमे पुढच्या तुकडीपासून करते म्हणाल्या. तिसरे माझ्या हातात नाही, पेपर विद्यापीठ काढते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग म्हणाल्या, “चार वर्षं मी हा विषय शिकवते आहे. दर वर्षी मला एक आकडा कळतो. आकृत्या तुम्ही मागाहून काढता, हे मला आज पहिल्यांदा कळलं.”

मुलीने हे येऊन सांगितले तेव्हा आम्हाला आनंद झाला, पण पुरता नाही. कारण बाईंची नेमणूक अजूनही सत्रापुरतीच आहे, आणि फॉर्मवरचा आकडा अजूनही त्यांच्या कागदांत जातो. जोवर तसे आहे तोवर पुढच्या वर्षीची भली मुलेही सगळीकडे चार टिचकावतील आणि ओळ रिकामी सोडतील. मुलांचा शब्द मोकळा व्हायचा असेल तर आधी बाईंची भाकरी त्या आकड्यापासून सोडवली पाहिजे. ते काम मुलांचे नाही. ते आमच्यासारख्यांचे आहे, आणि आपली मुले तेथे शिकतात म्हणून आपलेही आहे.  आपला अभिप्राय मात्र आकड्यात नको. उठून, नाव सांगून, चार वाक्यांत द्यावा. उत्तर द्यायला आम्ही येथेच बसलो आहोत.